सोसायटीतली विहीर रिडेव्हलपमेंटमध्ये बुजवायची का? (डोंबिवली पूर्व)

तिसरा_मजला
आमची सोसायटी डोंबिवली पूर्वेला, स्टेशनपासून चालत बारा मिनिटं. 1984 ची इमारत, तळमजला अधिक तीन, अठरा घरं, लिफ्ट नाही. रिडेव्हलपमेंटचं दोन वर्षं चाललंय, आता तीन बिल्डरांचे प्रस्ताव हातात आहेत. माझा विरोध नाही, हे आधीच सांगते. माझे गुडघे गेलेत, गच्ची गळते, वरच्या मजल्यावर छताचे पोपडे पडतात. इमारत पाडायलाच हवी.

प्रश्न मागच्या अंगणातल्या विहिरीचा आहे. तिन्ही प्रस्तावांत ती बुजवून तिथे स्टॅक पार्किंग (एकावर एक गाड्या ठेवायची सोय) दाखवलंय. सभेत मी विषय काढला, तो दोन मिनिटांत संपला. "ताई, नळाला पाणी आहे ना?" एवढंच.

आहे. पण 26 जुलै 2005 नंतर आठवडाभर नव्हतं. उल्हास नदीला मोठा पूर आला की पाणी उचलणारे पंपच बंद पडतात आणि ऐन पावसात नळ कोरडे होतात. त्या आठवड्यात आम्ही आणि शेजारच्या दोन सोसायट्यांनी या विहिरीवर दिवस काढले. लाइट नव्हते, म्हणून मोटार बंद. पोहरा शोधून काढला, कप्पीला तेल घातलं आणि जिन्यात रांग लावून बादल्या वर चढवल्या. समोरच्या इमारतीतल्या एका बाईंशी माझी दहा वर्षं नुसती तोंडओळख होती. त्यांची मुलगी बाळंतपणाला आलेली. तिच्या अंघोळीचं पाणी माझा मुलगा रोज सकाळी नेऊन द्यायचा. त्या बाई अजून संक्रांतीला वाण घेऊन येतात.

आणखी एक. आमच्याकडचे एक काका दर गुढीपाडव्याला विहिरीत शिडी सोडून उतरायचे आणि पाणी जिथे असेल तिथे काळ्या दगडावर पांढऱ्या ऑइलपेंटने पट्टा ओढून साल लिहायचे. 1988 पासून 2016 पर्यंत. मग ते गेले. ते पट्टे अजून दिसतात, त्यांच्यामधून नेचे उगवलेत.

पाडव्याची स्वागतयात्रा 1999 मध्ये आपल्या डोंबिवलीतच सुरू झाली, त्याचा मला फार अभिमान आहे. 'पाणी वाचवा'चे फलक घेऊन मीही फडके रोडवर चालले आहे. म्हणून तर घरामागचं पाणी कुणी पाहिलंसुद्धा नाही, याचं जास्त वाईट वाटतं. विहीर ठेवून रिडेव्हलपमेंट कुणी केलंय का? कायद्याने काही मागता येतं का?

कल्याणचा_सेक्रेटरी
ताई, बिल्डर ठरवायची विशेष सभा झाली नसेल तर वेळ गेलेली नाही. सहकारी संस्था कायद्याच्या कलम 79अ खालचा, सोसायट्यांच्या रिडेव्हलपमेंटबद्दलचा 4 जुलै 2019 चा शासन निर्णय वाचा. त्या सभेला एकूण सभासदांपैकी दोन तृतीयांश हजर लागतात आणि एकूण सभासदांच्या 51 टक्के मंजुरी लागते. म्हणजे तुमच्या अठरांपैकी बारा जण हजर हवेत आणि दहा जणांची संमती हवी. तोंडी बोलू नका. 'विहीर जागेवर राखून नकाशा द्यावा' अशी ओळ लिहून कमिटीकडे द्या, पोच घ्या आणि तिन्ही बिल्डरांकडून सुधारित नकाशा मागवायला लावा. करारात शब्द आला नाही तर पुढे कुणी ऐकत नाही. आम्ही आंब्याच्या झाडासाठी हे केलं नाही. बिल्डरच्या माणसाने "बघू, ठेवू" म्हटलं, आम्ही मान डोलावली. झाड गेलं.

पत्रीपुलाजवळ
मी बुजवा म्हणेन, आणि मनापासून म्हणतोय. 1 नोव्हेंबर 2018 ला कल्याण पूर्वेला नेतिवलीजवळ विहीर साफ करायला एक जण उतरला. त्याला बाहेर काढायला गेलेले धरून पाच जण गेले, त्यात अग्निशमन दलाचे दोन जवान होते. विषारी वायू. मी त्याच भागात राहतो, त्या दिवशीची गर्दी विसरलेलो नाही. जुन्या विहिरीत ड्रेनेज कधी झिरपायला लागतं ते कळत नाही. नव्या इमारतीत माणसं भाड्याने येणार, जाणार. जाळीला कुलूप आहे की नाही हे रोज बघणार कोण? माझ्या घरात चार वर्षांची नात आहे.

पाझर
मी सिव्हिल इंजिनिअर आहे. वरचं भय खरं आहे, पण त्यावर उपाय बुजवणं नाही. वर लोखंडी जाळी, कुलूप आणि उतरायची सक्त बंदी. गाळ काढायचा तर पंप लावून, वायू तपासून, माहितगार माणसांकडूनच. पाणी आधी प्रयोगशाळेत तपासून घ्या. चांगलं निघालं तरी संडास, झाडं, गाड्या धुणं यालाच वापरा.

आता बिल्डरशी बोलायचा मुद्दा. प्लॉट 500 चौरस मीटर किंवा जास्त असेल तर नव्या बांधकामाला पावसाचं पाणी जिरवायची सोय करावीच लागते. बहुतेक जण कोपऱ्यात एक खड्डा दाखवून मोकळे होतात. तुमच्याकडे तयार विहीर आहे. गच्ची 400 चौरस मीटर धरा, आपल्याकडे वर्षाला साधारण 2500 मिलिमीटर पाऊस, त्यातला 80 टक्के हाती लागला तरी 8 लाख लिटर होतात. ते गाळून विहिरीत सोडता येतं. पार्किंगचे कॉलम थोडे सरकवावे लागतील, एखाद-दोन गाड्यांची जागा जाईल. ती नेमकी किती हे नकाशावर दाखवा, असं ठणकावून सांगा. पण मला आधी एक सांगा. उन्हाळ्यात विहिरीला पाणी किती राहतं? ती आटते का?

घोडबंदरहून
आमच्या टॉवरमध्ये स्विमिंग पूल आहे आणि एप्रिल लागला की रोज टँकर. मेंटेनन्सच्या बिलात तो वेगळा लिहून येतो. ताई, सोडू नका.

तिसरा_मजला
सगळ्यांचे आभार. नातवाला मोठा टॉर्च धरायला लावून काल कठड्यावरून पट्टे वाचले, उतरलो नाही. पत्रीपुलाजवळच्या भाऊंनी लिहिलेलं वाचून झोप लागली नव्हती. ड्रेनेजची लाइन विहिरीपासून जेमतेम पंधरा फुटांवरून जाते, हे मी आजवर लक्षातच घेतलं नव्हतं. पाण्याचा नमुना उद्या तपासायला देते. त्यात घाण निघाली तर तेही सभेत तितक्याच मोठ्याने सांगेन.

पाझर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. दोरीला दगड बांधून मोजलं, कठड्यापासून तळ अठ्ठावीस फूट. सगळ्यात खालचा पट्टा 2016 चा, त्याच्याखालीही सहा फूट पाणी भरतं. पाडव्यानंतर मे अखेरपर्यंत ते आणखी दोन-तीन फूट उतरतं. इतक्या वर्षांत तळ उघडा पडलेला मी पाहिलेला नाही. काही सालं शेवाळाखाली गेलीत, पण सतरा पट्टे वाचता आले. सगळे वहीत उतरवले आणि पत्राला जोडले. पत्रावर तळमजल्यावरच्या दोघांनी आणि समोरच्या बिऱ्हाडाने सही केली. माझी धरून चार झाल्या. सभा पुढच्या रविवारी आहे, अजून सहा सह्यांसाठी रोज संध्याकाळी एकेक मजला करते आहे.

पाझर
शनिवारी चारनंतर मोकळा आहे. तिन्ही नकाशे काढून ठेवा, टेप घेऊन येतो.