ट्री वापरला की वेग वाढतोच असं नाही

‘शोध लॉग एनमध्ये (नोंदी खूप वाढल्या तरी थोड्याच पायऱ्यांत) होतो, डोळे झाकून रेड-ब्लॅक ट्री (नोंदी क्रमाने ठेवणारी, समतोल राखणारी झाडासारखी रचना) घ्या’ असा सल्ला कुणी दिला, तो पटला नाही. ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइल सिस्टिममध्ये ब्लॉक ग्रुप (डिस्कवरच्या ब्लॉकांचे गट) मोकळ्या तुकड्यांच्या सरासरी आकारानुसार ट्रीत लावले होते. ब्लॉक दिला-सोडला की ट्री पुन्हा लावा. त्यात ग्रुपची निवड इतकी चोखंदळ (मागणीला नेमका बसणाराच हवा) की छोट्या फाइली डिस्कभर विखुरल्या. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या एसडी कार्डावर टार (अनेक फाइलींचं एकत्र गाठोडं) उलगडताना जीव जायचा. २०२२ मध्ये लिनक्स कर्नलचे विकासक यान कारा यांनी ट्री काढून दोनाच्या घातांनुसार याद्या केल्या: सरासरी ८ ते १५ ब्लॉकवाले ग्रुप एकीत, १६ ते ३१ वाले पुढचीत. नेमका ग्रुप हवाय कुणाला, पुरेसा मोठा मिळाला की झालं! (सरासरी तशीही फसवीच.) पुढे २०२५ मध्ये याद्याही गेल्या, एक्सअ‍ॅरे (क्रमांकावरून थेट नोंद शोधणारी रचना) आले, कारण यादी चाळताना ग्रुपचा लॉक (एका वेळी एकालाच ग्रुप वापरू देणारं कुलूप) हुकला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात व्हायची.