घरचे सगळे बाहेरगावी, मी एकटी घरी. दिवस कसा लावता?

उंबरठा

मंडळी, नवरा, दोन्ही मुलं आणि सासूबाई महिनाभरासाठी बाहेरगावी गेलेत. मला रजा मिळाली नाही, म्हणून मी घरी. लग्नाआधी आईबाबांबरोबर आणि लग्नानंतर या सगळ्यांबरोबर राहिले, त्यामुळे घरात सलग एकटं राहायची ही पहिलीच वेळ.

सुरुवातीला फार बरं वाटलं. कात्री ठेवली तिथेच सापडते, बाथरूमसाठी थांबावं लागत नाही, वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सलग वाचता येतं. रात्री पुस्तक घेऊन बसलं तर मध्ये कुणाला पाणी नको असतं. इतकी शांतता मला किती वर्षांत मिळाली नव्हती, आणि ती मला हवी होती.

आता मात्र दिवस हातातून सुटायला लागलाय. सासूबाईंच्या खोलीत दिवा लागला की मी उठायचे. धाकटीच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण लावलं की माझ्या निघण्याची वेळ झालेली असायची. संध्याकाळी दाराला नवऱ्याची किल्ली लागली की कुकर चढायचा. माझं घड्याळ या माणसांत होतं. ती गेली आणि वेळ नुसती पसरून राहिली. ऑफिसचे तास ठरलेले आहेत म्हणून तेवढे नीट जातात. घरी आलं की दिवा न लावता सोफ्यावर बसून राहते, भूक लागली की ओट्याशी उभ्यानंच काहीतरी खाते, आणि झोपायला मध्यरात्र उलटते, कारण 'आता झोपा' म्हणणारं कुणी नाही.

एकट्यापुरता स्वयंपाकही जमत नाही. हाताला पाच जणांचं माप बसलंय. निम्मं केलं तर खाली लागतं, पूर्ण केलं तर उरतं. आणि रात्री घरात इतके आवाज होतात हे मला माहीतच नव्हतं. स्वयंपाकघरात काहीतरी 'टक्' वाजतं आणि मी ताडकन उठून बसते.

मला हा महिना नुसता काढायचा नाहीये. पुन्हा असा वेळ कधी मिळेल माहीत नाही. जे असे राहिलेत त्यांनी सांगा: दिवसाला आकार कसा देता?

मोजकं_मीठ

नोकरीमुळे बरीच वर्षं घरच्यांपासून लांब राहिलोय, त्यामुळे स्वयंपाकाबद्दल अधिकारानं सांगतो.

ताई, आधी भांडं बदला. नुसतं माप निम्मं करून भागत नाही. रुंद पातेल्यात थोडाच पदार्थ असला की त्याचा थर पातळ होतो, पाणी भराभर उडतं आणि तळ करपतो. घरातलं सगळ्यात लहान, जाड बुडाचं भांडं काढून ओट्यावरच ठेवा. पाण्याचा हिशोबही सरळ निम्मा होत नाही. वाफ किती जाते ते भांड्याच्या तोंडावर आणि किती वेळ शिजतंय यावर असतं, आत किती आहे त्यावर फारसं नाही. म्हणून तांदूळ निम्मे घेतले तरी पाणी निम्म्याहून थोडं जास्त लागतं. दोन-तीन वेळा केलंत की हाताला कळेल.

रोज ताजं करायचा हट्ट धरू नका, पण उरलेलं नीट ठेवा. शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहू द्यायचं नाही. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मधे जंतू भराभर वाढतात, म्हणून या पट्ट्यातून अन्न लवकर बाहेर काढायचं. मोठ्या पातेल्यात तसंच गार होत ठेवलं तर मधला भाग कितीतरी वेळ कोमट राहतो. उथळ डब्यांत पसरा, वाफ जिरली की लगेच फ्रिजमध्ये. तिथे तीन-चार दिवस चालतं. त्यापुढे लागणार असेल तर पहिल्याच दिवशी एकेका जेवणापुरते डबे करून फ्रीझरमध्ये टाका.

भाताची विशेष काळजी घ्या. तांदळात एका जिवाणूचे बीजाणू असतात, ते शिजवूनही मरत नाहीत. भात रात्रभर ओट्यावर राहिला तर ते जागे होतात आणि विष तयार करतात. त्यातलं उलट्या करवणारं विष पुन्हा उकळलं तरी जात नाही. एकट्या माणसाला मध्यरात्री उलट्या सुरू झाल्या तर पाण्याचा पेला आणून द्यायलाही कुणी नसतं, म्हणून एवढं लिहितोय.

आणि कृपा करून बसून जेवा. ताट वाढून घ्या, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. पडद्याकडे बघत जेवलं की किती खाल्लं तेही ध्यानात राहत नाही आणि जेवण झालं असंही वाटत नाही. स्वतःसाठी मांडलेलं ताट ही मला साधी गोष्ट वाटत नाही. मी दूर राहत होतो तेव्हा त्या एका सवयीनं मला धरून ठेवलं.

तिसरी_पाळी

यंत्रांच्या देखभालीचं काम करतो, तेही बहुतेक रात्रपाळीत. त्यामुळे आवाजांचं उत्तर माझ्याकडे आहे.

दिवसभर तापलेलं घर रात्री निवतं. लाकूड, पाइप, खिडक्यांच्या धातूच्या चौकटी सगळं आकसतं, पण सारखं नाही. कुणी जास्त, कुणी कमी. जिथे दोन वस्तू एकमेकींना घट्ट धरून असतात तिथे ताण साठत जातो आणि एका क्षणी सुटतो. तोच तुमचा 'टक्'. फ्रिजचा कॉम्प्रेसर बंद होताना थरथरतो, आणि आपोआप बर्फ वितळवणारा फ्रिज असेल तर त्या वेळी कडकड, टपटप असे आवाज येतात. हे आवाज दिवसाही होत असतात, माणसांच्या वर्दळीत ऐकू येत नाहीत इतकंच. एका रात्री दिवा लावून शांतपणे घरभर फिरा आणि कुठला आवाज कुठून येतो ते शोधा. ज्या आवाजाचा उगम कळला तो पुन्हा दचकवत नाही.

खरी काळजी घ्यायची ती आवाज न करणाऱ्या गोष्टींची.

गॅस. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साचतो. पाइपलाइनमधून येणारा नैसर्गिक वायू हलका, तो छताकडे जातो. दोन्हींना मुळात वास नसतो, गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेला असतो. वास आला तर कुठलंही बटण दाबायचं नाही, चालू करायलाही नाही आणि बंद करायलाही नाही. हाताशी असेल तर गॅस मुख्य ठिकाणी बंद करायचा, दारं-खिडक्या उघडायच्या, बाहेर पडायचं आणि फोन बाहेरूनच करायचा. झोपण्याआधी मुख्य कॉक बंद करायची सवय लावा.

बाथरूममध्ये गॅसवरचा गीझर असेल तर खिडकी उघडी ठेवल्याशिवाय आंघोळ नको. कोंडलेल्या जागेत कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ शकतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं दुखतं, मळमळतं, सुस्ती येते आणि विचारही गढूळ होतात. म्हणून एकट्या माणसाला आपल्याला काहीतरी होतंय हेच उमगत नाही.

रिचर्ड बर्ड नावाचे अमेरिकन दर्यासारंग १९३४ मध्ये अंटार्क्टिकाच्या हिवाळ्यात हवामानाच्या नोंदी घ्यायला एका झोपडीत एकटेच राहिले होते. कोंडलेल्या धुरातून त्यांना हीच विषबाधा झाली. मुख्य तळावरच्या लोकांपासून त्यांनी ते लपवलं, पण त्यांचे बिनतारी संदेश तुटक आणि विस्कळीत होत गेले, त्यावरून तळावरच्यांना संशय आला. ऑगस्टमध्ये सोबती त्यांच्यापर्यंत पोहोचले. आमच्याकडे नवीन कुणी एकटं कामाला लागलं की मी ही हकीकत सांगतोच. त्यांचे संदेश ठरलेल्या वेळी जात होते, म्हणून त्यातला बिघाड कुणालातरी जाणवला.

तेव्हा रोज ठरलेल्या वेळी एका माणसाला एक निरोप. 'उठले' एवढंही पुरे. निरोप आला नाही तर त्या माणसानं फोन करायचा, उचलला नाही तर शेजाऱ्यांना पाठवायचं, हे आधीच बोलून ठेवा. जादा किल्ली शेजारी द्या. बाथरूमला आतून कडी लावू नका आणि फोन हात पोहोचेल इतक्या उंचीवर ठेवा. पाय घसरून पडलेल्या माणसाचा हात कपाटाच्या वरच्या फळीपर्यंत जात नाही.

एक शेवटचं, एकट्यानं जेवणाऱ्यांसाठी. घास अडकला आणि खोकता येत असेल तर जोरात खोकत राहायचं. आवाजच फुटत नसेल तर खुर्चीच्या पाठीच्या कडेवर पोट टेकवायचं, बेंबीच्या थोडं वर, छातीच्या हाडाखाली, आणि अंगाचा भार झटक्यानं त्यावर टाकायचा, घास सुटेपर्यंत. खुर्ची कुठली, ती आजच बघून ठेवा. भिंतीला टेकलेली असली तर सरकणार नाही.

उंबरठा

तिसरी_पाळी, काल रात्री खरंच घरभर फिरले. 'टक्' खिडकीच्या चौकटीतून येत होता, ती संध्याकाळच्या उन्हाच्या बाजूला आहे. नंतर झोप चांगली लागली. किल्ली शेजारच्या काकूंकडे दिली. सकाळचा निरोप बहिणीला पाठवायचा असं ठरलंय.

मोजकं_मीठ, लहान भांडं काढलं. धाकटीचं दूध तापवायचं पातेलं होतं, ती मोठी झाल्यापासून मागे पडलेलं. माप बरोबर जमलं.

एक अजून विचारायचंय. रात्री सगळ्यांशी फोनवर बोलते. धाकटी सुरुवातीला भरभरून बोलते आणि फोन ठेवायच्या वेळी रडते. मोठा 'हो', 'नाही' यापलीकडे जात नाही. सासूबाई जेवणाचं विचारतात. फोन ठेवल्यावर घर आधीपेक्षा जास्त रिकामं वाटतं. हे कसं सांभाळता?

अंगणवाट

अगं उंबरठा, माझी मुलं आता मोठी झाली, पण त्यांच्या लहानपणी मी वर्षातले कितीतरी दिवस अशीच एकटी घरी राहिलेय.

फोन रात्री करू नकोस. मुलं दमलेली असतात, झोपेच्या वेळी आई हवीशी वाटते, आणि तुझ्याही पुढ्यात सगळी रात्र असते. दुपारी जेवणाच्या सुट्टीत कर. 'करमतंय का' विचारू नकोस. त्या प्रश्नाला मुलांकडे एकच उत्तर असतं आणि त्यानं डोळे भरतात. त्याऐवजी काहीतरी धरून बोल. मोठ्याला घरातली एखादी वस्तू कुठे असते ते विचार, सायकलचा पंप, स्क्रूड्रायव्हर, काहीही. घरातलं आपलं काम अजून आहे असं वाटलं की मुलगा बोलायला लागतो. माझा थोरला असाच बोलता झाला. धाकटीला फोन ठेवण्याआधी उद्यासाठी एक काम दे, म्हणजे निरोप घेताना तिला उद्याचं काहीतरी धरायला मिळेल.

दिवसाबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. वेळापत्रक आखू नकोस. घरच्यांच्या वेळा गेल्या म्हणून लगेच दुसरी शिस्त बसवायची घाई कशाला? दिवसाची दोन टोकं तेवढी बांध. सकाळी उठल्या उठल्या थोडा वेळ उजेडात जा, गच्ची, खिडकी, रस्ता, कुठेही. डोळ्यांत सकाळचा प्रकाश गेला की शरीराचं घड्याळ जुळतं आणि रात्री झोप वेळेवर येते. संध्याकाळी आत पाऊल टाकताच, चप्पल काढायच्या आधी दिवा लाव. तिन्हीसांजेला अंधारात बसून राहण्यानंच मन खचतं. मधला वेळ मोकळा सोड. एखाद्या सुट्टीच्या दिवशी उभ्यानं जेवलीस तरी मी काही म्हणणार नाही, मोजकं_मीठ रागावले तरी चालेल.

वेळ आहे म्हणून सगळं घर धुऊन काढायचं मनात आणू नकोस. एकटीच्या महिन्याचा अर्धा भाग बायका माळे आवरण्यात घालवतात आणि मग ती विश्रांती होती असं म्हणतात. मला ते बघवत नाही. पुस्तक वाचत होतीस ना? तेच वाच.

फक्त जे बाथरूम सध्या कुणी वापरत नाही, तिथल्या मोरीत आठवड्यातून एकदा तांब्याभर पाणी ओत. जाळीखालच्या वळणात पाणी अडून राहिलेलं असतं, ते गटाराचा वास वर येऊ देत नाही. वापर थांबला की ते सुकतं आणि बंद खोलीत दुर्गंधी भरते.

उंबरठा

अंगणवाट, आज दुपारी फोन केला. मोठ्याला पंप कुठे आहे विचारलं, तर तो कसा वापरायचा, वॉशर कसा बदलायचा, सगळं सांगत बसला. माझी सुट्टी संपली तरी बोलत होता. धाकटीला तिथल्या मांजरीचं चित्र काढायला सांगितलंय.

मोरीचं तुम्ही लिहिलंत म्हणून सासूबाईंच्या बाथरूममध्ये जाऊन पाहिलं. वास यायला लागलाच होता. पाणी ओतलं.

आता त्यांच्या कुंड्यांचं सांगा. मी रोज भरपूर पाणी घालतेय, तरी दोन रोपांची खालची पानं पिवळी पडताहेत. त्यांनी ती मुलांसारखी वाढवलीत. त्या परत येतील तेव्हा मला ती हिरवी दाखवायची आहेत.

मोजकं_मीठ

पाणी जास्त होतंय. मुळांना हवा लागते. माती सतत चिंब राहिली की हवेच्या जागा पाण्यानं भरतात, मुळं गुदमरून कुजतात आणि पानं पिवळी पडतात. ती तहानलेली वाटतात म्हणून माणूस आणखी पाणी घालतो. बोट दोन-तीन सेंटीमीटर मातीत खुपसून बघा. ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही. कुंडीखालच्या ताटलीत साचलेलं पाणी ओतून द्या आणि तळाचं भोक बुजलंय का ते काडीनं तपासा. पिवळी झालेली पानं पुन्हा हिरवी होणार नाहीत, ती काढून टाका. नवी फूट कशी येते त्याकडे लक्ष ठेवा. आणि सासूबाईंना आजच फोन करून विचारा, कुठल्या कुंडीला किती पाणी लागतं ते. त्यांना सांगायला आवडेल.