स्वातंत्र्य वगैरे ठीक आहे, पण गच्चीची चावी कुणाकडे?

तिसरा_जिना

परवा इथे एकाने लिहिलं होतं की आजचा माणूस स्वातंत्र्याचा भुकेला आहे, दुसऱ्यावर सत्ता गाजवायची हाव फक्त मूठभर पुढाऱ्यांना असते. वाचून डोकंच फिरलं. प्रतिसादात मावेना, म्हणून वेगळा धागा काढतोय. हा माणूस कधी सोसायटीच्या एजीएमला, म्हणजे वार्षिक सभेला, बसलाय का?

मी आठ वर्षं ठाण्यात भाड्याने राहिलो. रात्री दहानंतर मित्र आला की वॉचमन चौथ्या मजल्यावरच्या काकांना फोन लावायचा आणि काका बनियनवर खाली यायचे. यात त्यांना दमडी मिळत नव्हती. झोपमोड व्हायची ती वेगळीच. तरी यायचे, कारण 'कोण आहे? किती वेळ थांबणार?' हे विचारायला मिळायचं.

पुढे स्वतःचा फ्लॅट घेतला आणि कमिटीवर उभा राहिलो, का, तर भाडेकरूंवरचे असले नियम काढायचे होते. तीन महिन्यांत मीच गेटवर एका कुरियरच्या पोराला थांबवून 'रजिस्टरमध्ये लिहिलंस का?' विचारत होतो. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. मोकळीक आपल्याला हवी असते आणि नियम शेजाऱ्याला. मूठभरांचं काय घेऊन बसलात?

मानद_सचिव

तुमचे चौथ्या मजल्यावरचे काका तुम्हाला लखलाभ. मी सहा वर्षं बिनपगारी सेक्रेटरी आहे. रात्री दोनला पंप जळाला तर फोन मला, लिफ्ट अडकली तर मला, टाकीत कबुतर मेलं तरी मलाच. पाच वर्षांची मुदत संपली तेव्हा निवडणूक लावली, एकाने अर्ज भरला नाही. सहकार खात्याचे उपनिबंधक सोसायटीवर प्रशासक बसवतील म्हटल्यावर तिघं तयार झाले, तेही 'सेक्रेटरी तुम्हीच राहा' या अटीवर.

आणि सत्ता कसली? फ्लॅट विकला तर ट्रान्सफर फी २५,००० च्या वर घेता येत नाही, भाड्याने दिला तर मालकाकडून जादा आकार सेवाशुल्काच्या १० टक्क्यांवर घेता येत नाही. दोन्ही मर्यादा २००१ पासून आहेत. माझ्या ताब्यात एकच गोष्ट आहे, गच्चीची चावी. तीही ३१ डिसेंबरला पोरं हिसकावून नेतात.

तळमजला

साहेब, सत्ता कसली विचारता म्हणून सांगतो. मी तळमजल्यावर राहतो. एकोणीस वर्षांत लिफ्टमध्ये पाय ठेवला असेल चार-पाच वेळा, तोही कुणाकडे सत्यनारायण असला तर. तरी दर महिन्याला लिफ्टचे पैसे सातव्या मजल्याइतकेच. ही हुकूमत नाही तर काय?

मानद_सचिव

सोसायटीचे बायलॉज, म्हणजे नियमावली, वाचा. लिफ्टचा खर्च सगळ्या फ्लॅटना सारखा, वापरा नाही तर नका वापरू. मी केलेला नियम नाही.

तळमजला

वाचलेत. त्याच बायलॉजमध्ये पाणीपट्टी नळांच्या संख्येवर लावलीय. म्हणजे पाण्याला हिशेब कळतो, लिफ्टला कळत नाही? सातव्यावाल्यांचं बहुमत आहे, इतकंच.

सातवा_मजला

कसलं बहुमत? टाकी साफ करायला माणसं वर कशाने जातात? तुमच्या नळाला पाणी त्याच टाकीतून येतं ना? आणि तळमजलेवाल्यांनी तर बोलूच नये. आमच्याकडच्या एकाने खिडकीपुढची सोसायटीची जागा जाळी लावून आत घेतलीय, वर तिथे झोपाळा टांगलाय!

तळमजला

माझ्याकडे एक तुळस आणि दोन कुंड्या आहेत, ताई. उगाच आरोप करू नका. आणि टाकी साफ करणारे आमच्याकडे जिन्याने जातात, कारण बादल्यांनी लिफ्ट ओली होते.

तिसरा_जिना

धागा स्वातंत्र्यावर होता हो.

सातवा_मजला

मग त्यांनी लिफ्ट काढायला नको होती.

कोकणातला

लिफ्टवाल्यांनो, जरा दम घ्या. धागाकर्त्याला एकच विचारायचंय. सगळ्यांना हुकूमतच हवी असते म्हणता, तर २० मार्च १९२७ ला महाडला चवदार तळ्यावर गेलेल्यांना कुणावर हुकूमत हवी होती? तळं खुलं करायचा ठराव नगरपालिकेने १९२४ मध्येच केला होता. कागदावर हक्क होता, ओंजळीत पाणी नव्हतं. बाबासाहेबांबरोबर लोक गेले, पाणी प्यायले, आणि परतताना त्यांना मार पडला. मारणाऱ्यांच्या वाट्याचं पाणी घोटभरही कमी होणार नव्हतं. तुमचं म्हणणं त्यांना लागू आहे, कबूल. पण दोघांना एकाच मापाने मोजू नका. कुरियरच्या पोराला अडवताना बरं वाटलं, हा तुमचा अनुभव. तो सगळ्या मानवजातीला कशाला चिकटवता?

तिसरा_जिना

महाड काढल्यावर मी काय बोलणार? बरं, 'सगळ्यांना' हा शब्द मागे. जे आधीच आत बसलेत त्यांना म्हणा. पण एकदा आत आला की कुणीही काका होतो, हे मी सोडणार नाही.

डब्याची_घाई

महाडपर्यंत कशाला जाता? आमच्याकडे पाटी आहे, 'घरकामगार व कुरियर यांनी सर्व्हिस लिफ्ट वापरावी'. सर्व्हिस लिफ्ट बंद पडून दीड महिना झाला. माझ्याकडे येणाऱ्या मावशी पन्नाशीच्या, त्या रोज सहा मजले चढून येतात. एकदा मी त्यांना माझ्याबरोबर लिफ्टमधून नेलं, तर संध्याकाळी ग्रुपवर मेसेज आला, 'काही सदस्य शिस्त मोडत आहेत'. तो टाकणाऱ्या बाई दर १५ ऑगस्टला झेंडावंदनाचं भाषण करतात. घरकामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा २००८ चा आहे, पण लिफ्टचं बटण अजून आमच्याच हातात!

तळमजला

म्हणजे ज्यांना हवीय त्यांना चढू द्यायचं नाही आणि ज्याला नकोय त्याच्याकडून पैसे घ्यायचे. वा.

सातवा_मजला

हे मात्र बरोबर बोललात. एवढंच.

मानद_सचिव

मी गप्प होतो, कारण ती पाटी आमच्याकडेही आहे. मी लावली नाही, माझ्या आधीची आहे. मीही काढली नाही, हे तुम्ही म्हणायच्या आत मीच म्हणतो. सप्टेंबरच्या एजीएमला विषय घेतो. कोरमइतकी माणसं येणार नाहीत, आत्ताच सांगून ठेवतो.

डब्याची_घाई

तहकूब सभेला कोरम लागत नाही. बायलॉज तुम्हालाच पाठ आहेत ना?

मानद_सचिव

आहेत.

तळमजला

त्याच सभेत माझाही विषय घ्या. लेखी अर्ज देतो. पोच द्यायची.