मदत हवी आहे : अंगणातला काटेमाठ आणि लाजाळू जातच नाही

नमस्कार मंडळी. आम्ही मुलुंडला तळमजल्यावर राहतो. मागे जेमतेम दहा बाय पंधराचं अंगण आहे, तुळस, कढीपत्ता आणि एक जुना प्राजक्त. पावसाळा लागला की सगळीकडे काटेमाठ आणि लाजाळू माजतात. सासूबाई तुळशीला पाणी घालायला अनवाणीच जातात, गेल्या आठवड्यात त्यांच्या टाचेत काटा मोडला. त्यांना मधुमेह आहे, म्हणून फार काळजी वाटते.

काटेमाठ ओल्या मातीतून मुळासकट उपटता येतो, पण तुरे धरून बी पडलं की पुन्हा उगवतोच. लाजाळूचं मूळ मात्र खोल, वरून तुटतं आणि आठवडाभरात परत फूट येते. विळ्याने कापून काहीच उपयोग झाला नाही.

एकाने मीठ टाका म्हणून सांगितलं, पण त्याने माती खराब होऊन प्राजक्त जाईल. ग्लायफोसेट हे तणनाशक तर नकोच, ते फक्त पेस्ट कंट्रोलवाल्यांनीच वापरायचं असा २०२२ मध्ये सरकारी आदेश निघाला होता, आणि घरात मांजर आहे.

जाड पुठ्ठा अंथरून वर नारळाच्या सोडणांचा थर दिला तर मुंबईच्या पावसात टिकेल का? कोणी केलंय का? लाजाळूचं मूळ काढायला खुरपं बरं की पहार?