सरकत्या दाराचा गंज: पुट्टीआधी पत्रा

जुन्या मारुती ओम्नी व्हॅनच्या सरकत्या दाराखालची गंजाची भोके पुट्टीने (पत्र्यावरचे खड्डे भरायच्या लेपाने) बुजवावीत, या सूचनेशी मी सहमत नाही. पुट्टी ओलावा शोषते आणि तिच्याखाली गंज वाढतच राहतो. वर्षभरात रंगावर पुन्हा फुगे दिसू लागतात. जळगाव-रावेर पट्ट्यातील गाड्यांत खालच्या रुळात काळ्या मातीचा चिखल साचतो, पाणी निघण्याची छिद्रे बुजतात आणि पत्रा आतून कुजतो. त्यामुळे बाहेरून नाण्याएवढे दिसणारे भोक ग्राइंडर फिरवल्यावर बरेच मोठे निघते.

गंजलेला भाग चकचकीत पत्रा लागेपर्यंत कापावा, मात्र त्यापूर्वी दार बसवलेले असतानाच चहूबाजूंच्या फटी मोजून ठेवाव्यात आणि गाडीला खालून समतल आधार द्यावा, कारण या गाडीला वेगळी चासी नाही. उंबरठ्याचा पत्राच भार पेलतो व तो कापताच दाराची चौकट हलू शकते. नवा तुकडा साधारण १ मिमी जाडीचा घेऊन सीओटू वेल्डिंगने (कार्बन डायऑक्साइड वायूच्या आवरणातील वेल्डिंगने) थोड्या थोड्या अंतरावर टाके द्यावेत. सलग वेल्डिंगने पत्रा वाकतो आणि दाराचे रोलर अडकतात. बॅटरीची तार आधी काढावी. गॅस किट असल्यास टाकी उतरवल्याशिवाय ठिणगी पाडूच नये. यात तडजोड नाही.

प्रायमर (रंगाआधीचा थर) आतल्या पोकळीतही पोहोचला पाहिजे. नंतर तेथे मेणयुक्त गंजरोधक फवारावे. बहुतेक गॅरेजवाले हे टाळतात. काम पावसाळ्यापूर्वीच उरकावे, पण नव्या पत्र्यावर सफाईसाठी लावायची पुट्टी मे महिन्यातील दुपारी पाहता पाहता घट्ट होते, म्हणून हार्डनर (पुट्टी घट्ट करणारा घटक) कमी घालून सकाळीच ती पातळ लावावी.