लांडग्याची गोष्ट सहाव्यालाच संपली होती?

ताई, मिशेल पेव्हर यांची अश्मयुगातल्या टोराक हा मुलगा, त्याची मैत्रीण रेन आणि त्यांचा लांडगा यांची कादंबरी-मालिका ‘घोस्ट हंटर’ या सहाव्या भागालाच (२००९) संपली, पुढचे तीन भाग उगाच, असं तुम्ही म्हणता. मला हे अजिबात पटत नाही. सहाव्या भागात टोराकचा लढा संपला, हे खरं. पण लांडग्याचं काय?

नववा आणि शेवटचा भाग, ‘वुल्फबेन’ (२०२२), त्याचाच आहे. वसंताची सुरुवात, बर्फ फुटतोय, आत्मे खायला टपलेला राक्षस मागे लागलाय आणि लांडगा कळपापासून तुटून समुद्रात वाहून जातो. टोराकचा जीव त्याच्यासाठी किती तुटतो, ते वाचताना मला पुस्तक मिटून ठेवावं लागलं होतं.

लांडग्याच्या नजरेतून लिहिलेली प्रकरणं तर या मालिकेचा प्राणच. आगीला तो चटका देत चावणारा झगझगीत प्राणी म्हणतो आणि टोराक म्हणजे त्याचा उंच, बिनशेपटीचा भाऊ! जग आधी वासातून आणि आवाजातून येतं, डोळ्यांचं काम नंतर.

आपल्या गोव्यात लांडगा कुठला दिसायला, पण मोलेच्या जंगलात कोळसुंदे, म्हणजे रानकुत्रे, आहेत. तेही कळपानेच शिकार करतात, पिल्लांना आळीपाळीने भरवतात. माझ्या भाचीने वाळपईला सुट्टीत हे नऊही भाग संपवले आणि आता कोळसुंद्यांबद्दल विचारून विचारून भंडावते. तिला सहाव्यावर थांबवलं असतं, तर लांडग्याचा निम्मा प्रवास राहूनच गेला असता. तुम्ही नववा एकदा वाचाच, निदान समुद्रातली प्रकरणं तरी.