कावीळ लिव्हरची की पित्तनलिकेची? ईआरसीपीबद्दल (तोंडातून दुर्बीण घालून पित्तनलिकेवर उपचार) मदत हवी आहे

दादा, वय ५१. वीसेक वर्षं रोजचं पिणं, दोन वर्षांपूर्वी सिरोसिसचं (लिव्हर कायमचं कडक होणं) निदान, पोटात पाणी होऊन दोनदा ॲडमिट. आठ महिने दारू पूर्ण बंद आहे. हे मुद्दाम लिहितोय, कारण डोळे पिवळे दिसले की सगळे आधी त्याच्या तोंडाचा वास घेतात.

तीन आठवड्यांपासून कावीळ वाढतेय. लघवी गडद, शौच पांढुरकी, आणि खाज इतकी की पाय ओरबाडून रक्त काढलंय. आम्ही धरून चाललो होतो की आता लिव्हर संपत आलं. पण रिपोर्ट वेगळंच सांगताहेत:

बिलिरुबिन (कावीळ मोजणारा आकडा) ९.६, त्यातलं डायरेक्ट, म्हणजे पित्त अडलं की साठणारं, ७.१; अल्कलाइन फॉस्फटेज (पित्त अडलं की वाढणारं एन्झाइम) ६१०, एसजीओटी-एसजीपीटी (लिव्हरच्या पेशींना इजा झाली की वाढणारी एन्झाइम) किरकोळ वाढलेले. आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप) १.८, म्हणजे वाढलेला, आणि प्लेटलेट ६२ हजार, म्हणजे कमी. एमआरसीपीत (पित्तनलिकांचा एमआरआय) मुख्य पित्तनलिका १२ मिमी फुगलेली आणि खाली, स्वादुपिंडाच्या डोक्यातून जाते तिथे, निमुळती झालेली. स्वादुपिंडाला जुनी सूज आहे, तीही दारूचीच.

एक डॉक्टर म्हणतात ईआरसीपी करून स्टेंट (नलिका उघडी ठेवणारी बारीक नळी) टाकू. दुसरे म्हणतात रक्तस्राव झाला तर आवरणार नाही, हात लावू नका. कुणाच्या घरी असं झालंय का? काय विचारावं तेही सुचत नाहीये.

प्रतिसाद १
वडिलांचं असंच होतं. नलिका फुगलेली असेल तर सगळा दोष लिव्हरवर ढकलू नका. तो अडथळा मोकळा होऊ शकतो, सिरोसिस मात्र राहणारच. तुमच्या दुसऱ्या डॉक्टरांची भीती खरी आहे, पण धोका मुख्यतः नलिकेचं तोंड कापण्यात असतो. न कापता नुसता स्टेंट बसतो का, हे थेट विचारा. प्लास्टिकचा टाकला तर साधारण तीन महिन्यांनी बदलावा लागतो, नाहीतर तुंबतो. बाहेरून, त्वचेतून नळी घालायचा पर्याय निघाला तर पोटातल्या पाण्याची आठवण करून द्या, त्यात ते जोखमीचं आहे.

प्रतिसाद २
निमुळतेपणा जुन्या सुजेचाच आहे, गाठ नाही, याची खात्री केलीय का? एंडोस्कोपिक सोनोग्राफीबद्दल (दुर्बीण आत घालून जवळून केलेली सोनोग्राफी) विचारा. सीए १९-९ (कॅन्सरच्या शंकेसाठीची रक्तचाचणी) एकट्यावर घाबरू नका, कावीळ असताना तो तसाही वाढतो.
आणि थंडी वाजून ताप आला किंवा बोलण्यात गोंधळ दिसला तर रात्री-अपरात्री हॉस्पिटल गाठा. तुंबलेल्या पित्तात जंतू वाढले की ताबडतोब अँटिबायोटिक सुरू करून नलिका मोकळी करावी लागते.
व्हिटॅमिन के शिरेतून दिलंय का? पित्त आतड्यात पोचत नसेल तर ते शोषलं जात नाही आणि आयएनआर वाढतो. इंजेक्शननंतर तो उतरला तर दोष बराचसा अडथळ्याचा.

धागाकर्ता
दोघांचे आभार. आत्ता फाइल चाळली. व्हिटॅमिन के कुठेच लिहिलेलं नाही. सकाळच्या राउंडला हाच पहिला प्रश्न. ताप अजून नाही, तरी थर्मामीटर उशाशी ठेवलाय.